पंडिता रमाबाई : दयेपलीकडची मुक्ती

आज नारायण पेठेत लक्ष्मी रस्त्यावर असलेली हुजूरपागा ही मुलींची शाळा न्या. रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक आदी सुधारकांच्या पुढाकाराने 1884 साली सुरू झाली. मात्र ज्या बालविधवेचे केशवपन, म्हणजे सक्तीचे मुंडण, करून तिला माजघरात डांबले जाई, तिला शाळेआधी हक्काचा निवारा हवा होता आणि तो उभारण्याचे श्रेय पंडिता रमाबाईंकडे (1858–1922) जाते.

वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या माऊलीने ते लेकीला दिले. त्याच विद्वत्तेच्या बळावर कलकत्त्याच्या पंडितांनी 1878 मध्ये रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. वैधव्य आल्यावर 1882 साली तान्ह्या मनोरमेसह पुण्यात आलेल्या रमाबाईंनी आर्य महिला समाज स्थापला आणि सरकारने नेमलेल्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर तयार करण्याची मागणी केली.

जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक निग्रोंना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकी सज्जनांना अर्पण केले होते. तो देश रमाबाईंनी 1886 पासून जवळून पाहिला. तिथल्याच दास्यविमोचनाच्या चळवळीतल्या ल्युक्रेशिया मॉट यांना 1840 च्या लंडन परिषदेत केवळ स्त्री म्हणून प्रतिनिधित्व नाकारले गेले होते आणि पुढे 1848 मध्ये सेनेका फॉल्स येथे स्त्री-हक्कांची परिषद भरवण्यात त्यांचाच पुढाकार होता. स्त्रियांनी संघटित होऊन सार्वजनिक कामे कशी उभारली, याचे वर्णन रमाबाईंनी 1889 च्या मराठी प्रवासवृत्तात भरभरून केले, पण तेथील वर्णद्वेषावर बोट ठेवायलाही त्या कचरल्या नाहीत.

बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनच्या मदतीने 1889 साली मुंबईत निघालेले आणि पुढच्याच वर्षी पुण्यात आलेले शारदासदन विधवांना आसऱ्याबरोबर शिक्षणही देत असे. ख्रिस्ती झालेल्या रमाबाई मुलींना धर्मांतराकडे वळवतात, असा आक्षेप ‘केसरी’ने लावून धरला, 1893 मध्ये रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. धर्मांतराची भीती समाजाला खरोखरच वाटत होती. पण त्या मुलींना विद्येने स्वतःच्या पायांवर उभे करायला हवे, हा रमाबाईंचा विचार त्या वादातही खोटा ठरला नाही. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी हिच्याशी त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला आणि 1896 मध्ये त्यांनीच पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. ज्या शहराने रमाबाईंकडे पाठ फिरवली, त्याला अवघ्या 3 वर्षांत त्यांचेच काम हाती घ्यावे लागले.