न्यूअर्क अॅव्हेन्यूचा चढ

जर्सी सिटीतील न्यूअर्क अॅव्हेन्यू आमच्या मराठी कुटुंबांस ठाऊक आहे, तो तेथील भारतीय दुकानांमुळे. परंतु नदीच्या बाजूने तेथे जाताना लागणारा चढ कशाचा, याचा विचार आम्ही क्वचितच करतो. हडसन नदीच्या पश्चिम काठाने गेलेल्या ‘पॅलिसेड्स’ कड्याचा तो दक्षिणेकडील भाग होय.

सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी तप्त शिलारस भूगर्भातील थरांत शिरून गोठला व हा काळा पाषाण बनला. अलिबागच्या किनाऱ्यावरील काळा कातळही शिलारसाचाच. मात्र तो भूपृष्ठावर पसरून थंड झाला आणि वयाने सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे. हडसनमध्येही समुद्राची भरती सुमारे १५० मैल आत चढते. खाडीकाठी वाढलेल्या माणसास हे दृश्य परके वाटत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रस्त्यांच्या खडीसाठी हा कडा सुरुंगांनी फोडला जात होता. न्यू जर्सीतील महिला मंडळांच्या संघाने त्याविरुद्ध आवाज उठविला. इ. स. १९०० मध्ये न्यू जर्सी व न्यूयॉर्क या दोन्ही राज्यांनी आयोग नेमला आणि शहराच्या उत्तरेकडील उंच कडे बचावले. गृहिणींनी मनावर घेतले नसते, तर आज तेथे खाणींचे खड्डेच उरले असते.

तरी बंधुभगिनींनो, पुढच्या रविवारी वाणसामान घेतल्यावर मुलांसह तो उतार पायी उतरावा व वाटेत त्यांस ही हकिकत सांगावी. ज्या गावी मुले वाढतात, तेथील दगडमातीची ओळख त्यांस आम्हीच करून दिली पाहिजे.