चाकाच्या व्हॉल्व्हचे टोपण का अडकते?

रत्नागिरीहून कोल्हापूरकडे येताना आम्ही साखरप्याजवळ चाकांत हवा भरण्यासाठी थांबलो. एका चाकाच्या व्हॉल्व्हवरचे टोपण काही केल्या निघेना. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचे ते टोपण आम्हीच हौसेने बसवले होते. शेवटी पकडीने पिळले, तेव्हा टोपणाबरोबर व्हॉल्व्हची नळीही रबरातून फाटून हातात आली आणि क्षणात चाक बसले. पुढे आंबा घाट होता. हेच घाटात घडले असते तर? या विचाराने आम्हांला त्या बोटाच्या पेराएवढ्या वस्तूकडे नीट पाहायला लावले.

मोटारीच्या चाकातील हा व्हॉल्व्ह श्रेडर या नावाने ओळखला जातो. त्याचे अमेरिकी पेटंट १८९३ सालचे आहे. त्याचे मुख्य भाग तीन. बाहेर आट्यांची पितळी नळी असते. ट्यूबलेस टायरमध्ये तिच्याभोवती रबराचे जाड आवरण असते आणि ते चाकाच्या छिद्रात घट्ट बसते. नळीच्या आत स्प्रिंग असलेली पिन असते. ती दाबली की वाट उघडते. सोडली की स्प्रिंग आणि आतील हवेचा दाब मिळून ती बंद करतात. तिसरा भाग म्हणजे टोपण. ते धूळ आणि पाणी बाहेर ठेवते. ज्याच्या आत रबरी चकती असते, असे टोपण हवेलाही दुसरा अडसर ठरते. म्हणजे येथे रबर आणि धातू शेजारीशेजारी नांदतात, आणि प्रत्येकाचा ऱ्हास वेगळ्या मार्गाने होतो.

प्रथम रबर पाहू. नैसर्गिक रबराच्या लांब रेणूंमध्ये कार्बनचे दुहेरी बंध असतात. वाहनांच्या धुरावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन जमिनीलगतच्या हवेत थोडा ओझोन तयार होतो. तो नेमके हे बंध तोडतो. गंमत अशी, की सैल रबराला भेगा पडत नाहीत. ताणलेल्या रबराला पडतात आणि त्या ताणाच्या दिशेला काटकोनात असतात. ओझोनरोधक द्रव्य मिसळून हा ऱ्हास लांबवता येतो. पण ते नीट न मिसळले तर? २००६ साली तयार झालेले असे व्हॉल्व्ह काही महिन्यांतच तडकू शकतात असे आढळल्यामुळे २००८ मध्ये अमेरिकेत ते परत मागवावे लागले होते.

फिरत्या चाकात हा ताण किती असतो? वेग ताशी १०० कि.मी., चाकाची त्रिज्या ३० सें.मी. आणि व्हॉल्व्हचे अक्षापासूनचे अंतर १७ सें.मी. धरू. गणित केले तर व्हॉल्व्हचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १५० पट येते. म्हणजे ३ ग्रॅमचे धातूचे टोपण जवळजवळ साडेचारशे ग्रॅम वजनाच्या जोराने नळीला बाहेर वाकवते! प्लॅस्टिकचे हलके टोपण साधे दिसते, पण रबराला तेच मानवते.

आता धातू. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि एरवी तो धातूचे रक्षण करतो. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेतील क्लोराइड आयन हा थर भेदतात. त्यात पितळ टेकलेले आणि आट्यांत ओलावा असला की झाला विद्युतघट तयार. अ‍ॅल्युमिनियम इलेक्ट्रॉन देते आणि झिजते. पितळ शाबूत राहते. तयार होणारी पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. ती आट्यांत ठासून बसते आणि टोपण जणू सिमेंटने चिकटवल्यासारखे होते.

टायरमधील दाब मोजणारा संवेदक असलेल्या काही गाड्यांत नळीच अ‍ॅल्युमिनियमची असते. तेथे साधी पितळी पिन घातली तर नळी आतून झिजते. म्हणून अशा नळीत निकेलचा मुलामा दिलेलीच पिन वापरतात.

मग करावे काय? व्हॉल्व्हला साबणाचे पाणी लावा. तोंडाशी बुडबुडे आले तर दोष पिनेचा. ती हलकेच घट्ट करावी किंवा बदलावी. बुडाशी बुडबुडे आले किंवा नळी अंगठ्याने किंचित वाकवल्यावर भेगा दिसल्या, तर संपूर्ण व्हॉल्व्ह बदलावा. ट्यूबच्या टायरमध्ये व्हॉल्व्ह ट्यूबलाच जोडलेला असल्याने ट्यूब बदलावी लागते. गळती हळू असली तरी तिला कमी लेखू नये. हवा कमी झालेले टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, त्यामुळे तापते आणि वेगात फुटू शकते.

टोपण अडकले असेल तर जोर करू नये. आट्यांवर गंज सोडवणाऱ्या तेलाचा थेंब सोडून थांबावे. रबरावर ओघळलेले तेल पुसून घ्यावे. मग एका पकडीने नळी धरून दुसरीने टोपण फिरवावे, म्हणजे पीळ रबरापर्यंत जात नाही. हे काम नवा व्हॉल्व्ह मिळेल अशा दुकानातच करावे, आमच्यासारखे वाटेत नव्हे. नवे टायर घालताना व्हॉल्व्हही नवा घालावा. टायरच्या मानाने त्याची किंमत अगदी किरकोळ असते.

वर्गात दोन प्रयोग सहज करता येतील. एक रबरबँड पाटीवर ताणून आणि दुसरे सैल, असे दोन्ही सावलीत पण उघड्या हवेत काही आठवडे ठेवा आणि भिंगातून पाहा. तसेच अ‍ॅल्युमिनियमची आणि तांब्याची पट्टी मिठाच्या पाण्यात एकमेकींना न टेकता ठेवून व्होल्टमापक जोडा. साधारण अर्धा व्होल्ट दिसेल. नंतर दोन्ही पट्ट्या तारेने जोडून काही दिवस तशाच ठेवा आणि कोणती झिजली ते विद्यार्थ्यांना शोधू द्या. मग त्यांना शाळेच्या आवारातील वाहनांची टोपणे पाहायला न्या. एखाद्या चाकावर पांढरी भुकटी नक्कीच सापडेल.