उन्हाळा आणि आपलें कुत्रें

चैत्र सरून वैशाख लागला म्हणजे परभणी जिल्ह्यांत उन्हाचा खरा अंमल सुरू होतो. परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील पिंगळी गांवाचें शिवार दुपारीं पाहावें. काळी जमीन भेगाळलेली असते, पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर चढलेला असतो आणि माणसें दारें लोटून घरांत बसलेलीं असतात. बैल निंबाखालीं बांधले जातात, कोंबड्या आपण होऊन आडोशास जातात. राहतें तें आखाड्यावरचें कुत्रें. राखण हें त्याचें काम. म्हणून तें बहुधा पत्र्याच्या छपराच्या खांबालाच बांधलेलें असतें. सुटींत आमचे अनेक विद्यार्थी गांवीं जातात व या मुक्या सोबत्याशीं त्यांचा नित्य संबंध येतो. तेव्हां उन्हाळ्यांत त्याची निगा कशी राखावी, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, उष्णता बाहेर टाकण्याच्या बाबतींत कुत्र्याचें शरीर मनुष्याच्या शरीरासारखें नाहीं. आपल्या सर्वांगास घाम येतो, आणि तो वाळतांना त्वचेवरील उष्णता घेऊन जातो. कुत्र्यास घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांवर. तेवढ्यानें त्याचें भागत नाहीं. त्याचा खरा आधार म्हणजे धापणें. जीभ बाहेर काढून तें मिनिटास कधीं कधीं २०० हून अधिक वेळां श्वासोच्छ्वास करितें. त्यायोगें जीभ, तोंड व नाक यांतील ओलावा वाफ होऊन जातो व तेथून वाहणारें रक्त निवतें. निरोगी कुत्र्याचें शरीरमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतें. तें या धापण्याच्या बळावरच कायम राहतें. आतां हा ओलावा यावयाचा कोठून? पिण्याच्या पाण्यांतून. आणि तो सहज उडावयाचा केव्हां? सावली असेल व हवा खेळती असेल तेव्हां. म्हणून पाणी, सावली आणि वारा या तीन गोष्टी मिळाल्या तर कुत्रें उन्हाळा काढितें. त्यांपैकीं एकही नाहींशी झाली तर त्याचा जीव धोक्यांत येतो.

मोकळें कुत्रें या तिन्ही गोष्टी स्वतः शोधून घेतें. रांजणाखालची ओली माती नखांनीं उकरून तें तीवर पोट टेकून पडतें. सावली सरकली कीं तेंही सरकतें. बांधलेल्या कुत्र्यास यांतलें कांहींच करतां येत नाहीं. सकाळीं खांबाजवळ सावली पाहून धनी त्यास बांधतो व कामास जातो. दोन प्रहरीं ती सावली भिंतीपलीकडे गेलेली असते, भांड्यांतलें पाणी कढत झालेलें असतें किंवा साखळीच्या हिसक्यानें लवंडलेलें असतें. त्या साखळीची लांबी हेंच त्या वेळीं त्याचें सर्व जग. साखळी आपण घालतों. तेव्हां साखळीनें त्याचें जें हिरावून घेतलें तें पुरविण्याचें दायित्वही आपलेंच ठरतें. जो बांधील त्यानें सावलीही द्यावी, हें या विषयाचें सार आहे. कायद्यासही हेंच अभिप्रेत आहे. प्राण्यांचा छळ रोखण्यासाठीं १९६० सालीं जो कायदा झाला, त्याच्या ११ व्या कलमान्वयें प्राण्यास अवाजवी आंखूड वा जड साखळीनें अवाजवी वेळ बांधून ठेवणें, तसेंच धन्यानें त्यास पुरेसें अन्न, पाणी व निवारा न देणें, हा अपराध आहे.

हें दायित्व पाळण्यास मोठासा खर्च लागत नाहीं. तापलेल्या पत्र्याखालीं बांधण्यापेक्षां निंबाच्या किंवा आंब्याच्या दाट सावलींत बांधावें, आणि बांधण्यापूर्वीं ती सावली दुपारीं कोठें जाईल याचा विचार करावा. बसावयाच्या जागेवर पाणी शिंपडून गोणपाट अंथरावें. पाणी धातूच्या भांड्यांत न ठेवतां मातीच्या जड परळांत ठेवावें. तें थंड राहतें व सहसा लवंडत नाहीं. सामान्यतः शरीराच्या दर किलोमागें ५० ते ६० मिलिलिटर पाणी कुत्र्यास दिवसाकाठीं लागतें. उन्हाळ्यांत याहून पुष्कळ अधिक लागतें, म्हणून परळ दिवसांतून तीनचार वेळां भरावें. अन्न सकाळीं लवकर व सायंकाळीं उशिरां द्यावें. ज्वारीची भाकरी पातळ, बिनमिठाच्या ताकांत कुसकरून दिली तर चालते; मात्र तिच्यासोबत कांदा जाऊं देऊं नये. आपण उन्हाच्या बाधेवर कांदा गुणकारी मानतों. परंतु कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी त्यानें नाश पावतात. फिरावयास नेणें तें पहाटे किंवा दिवेलागणीनंतर. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकून पाहावी. आपल्यास सोसवत नसेल तर त्याच्या तळव्यांसही सोसणार नाहीं.

केसांविषयीं एक मोठा गैरसमज आहे. उन्हाळा आला कीं कित्येक लोक कुत्र्याचें सर्वांग भादरून टाकतात. मराठवाड्यांत सांपडणाऱ्या कारवानी कुत्र्याचे केस मुळांतच आंखूड असतात. पश्मीचे कान, पाय व शेंपटी यांवर लांब, रेशमासारखे केस असतात. शहरांत पाळल्या जाणाऱ्या जर्मन शेफर्ड व लॅब्रॅडॉर या जातींस तर वरचे राठ व आंतले मऊ असे दुहेरी केस असतात. हे वरचे केस उन्हास त्वचेपासून अडवितात. ते मुळासकट काढिल्यास कातडी भाजते. झडून अडकलेले आंतले केस मात्र हवा कोंडतात. म्हणून वस्तरा नको, फणी हवी. रोज केसांच्या ओघानें फणी फिरवावी, जटा सोडवाव्या व पंजांच्या बोटांमधील वाढलेले केस तेवढे कातरावे. स्नान पंधरा दिवसांतून एकदां पुरे. आपल्या अंगाचा साबण त्याच्या त्वचेस मानवत नाहीं. कुत्र्यांसाठीं निराळा मिळतो तो वापरावा, आणि कानांत पाणी जाऊं देऊं नये.

उन्हाळ्यांत गोचिडांचा उपद्रव वाढतो. कान, मान, कांखा व बोटांच्या बेचक्या रोज तपासाव्या. गोचीड दिसल्यास चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढावा. बोटांनीं चिरडूं नये. त्याच्या दंशानें रक्तांत रोगजंतू शिरून ताप व पंडुरोग होतो. भिंतींच्या फटींतून गोचिडांचीं अंडीं असतात, म्हणून जागाही साफ करावी. रॉकेल किंवा शेतांतील कीटकनाशक अंगास कदापि चोळूं नये. कुत्रें अंग चाटतें आणि विष पोटांत जातें.

इतकी काळजी घेऊनही ऊन लागलेंच तर त्याचीं लक्षणें अशीं: धाप थांबत नाहीं, लाळ दाट व चिकट होते, हिरड्या लालभडक दिसतात, ओकारी होते, पाय लटपटतात व शेवटीं शुद्ध हरपते. अशा वेळीं आधीं थंड करावें, मग वैद्याकडे न्यावें. सावलींत आणून सर्वांगावर, विशेषतः पोटावर व जांघांत, साधें पाणी ओतीत राहावें आणि पंख्यानें वारा घालावा. ओलें पोतें अंगावर पांघरूण ठेवूं नये. तें लवकरच तापतें व वाफ कोंडते. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडांत पाणी ओतूं नये. परभणीस १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि पिंगळीहून तें फार दूर नाहीं.

उन्हानेंच कुत्रें पिसाळतें, असा समज आजही आढळतो. आपण ज्यास व्याध म्हणतों त्या ताऱ्यास प्राचीन ग्रीक व रोमन लोक श्वानतारा म्हणत, आणि तो पहाटेस उगवूं लागला कीं ताप व उन्माद येतो असें मानीत. वस्तुतः पिसाळणें हा विषाणूचा रोग आहे. तो रोगी जनावराच्या लाळेंतून, चाव्यावाटे, बारमास पसरतो. लुई पाश्चर यानें जुलै १८८५ मध्यें पॅरिस येथें जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलास या रोगावरील लस दिली, तेव्हांपासून त्यावर उपाय सांपडला. परंतु जुन्या समजामुळें आजही लाळ गाळीत लटपटणारें कुत्रें दिसलें कीं मुलें धोंडे उचलतात, आणि केवळ तहानेनें व्याकुळ झालेला जीव हकनाक मरतो. अर्थात् खरा भेद ओळखणें मुलांचें काम नव्हे. अनोळखी कुत्र्याजवळ जाऊं नये. वडील माणसांस सांगावें. चावलेंच तर जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवून तत्काळ दवाखाना गांठावा. आपल्या घरच्या कुत्र्यास लस वेळच्या वेळीं टोंचून घ्यावी. पण धोंडा मात्र कोणींही उचलूं नये.

भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें नामदेव तुपाची वाटी घेऊन धांवले, अशी कथा आपल्याकडे सांगतात. त्यांचें मानलें जाणारें नरसी गांव १९९९ पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यांत होतें. विद्यार्थी मित्रहो, आम्ही तुमच्यापाशीं तुपाची वाटी मागत नाहीं. या सुटींत आपल्या दारचें परळ दुपारीं एकदां स्वतः पाहा, सावली कोठवर सरकली तें पाहा, आणि साखळी तेथवर पोंचत नसेल तर ती सोडून दुसरीकडे बांधा. रात्रभर जागून तुमचें घर राखणाऱ्याचें एवढें ऋण फेडणें कोणासही अशक्य नाहीं.