मेनूबारच्या उजव्या टोकाचं घड्याळ

कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर वेळ दिसते, हे आपण इतकं गृहीत धरून चालतो की ते घड्याळ तिथे कुणी आणून बसवलं असेल, हा प्रश्नही पडत नाही. मॅकिन्टॉशच्या बाबतीत त्याचं उत्तर नावानिशी देता येतं. स्टीव्ह क्रिस्टेन्सन या प्रोग्रॅमरने एक छोटं घड्याळ लिहिलं, त्याला ‘सुपरक्लॉक!’ असं उद्गारचिन्हासकट नाव दिलं आणि लोकांना ते फुकट वापरू दिलं. ॲपलने त्याच्याच आधारे आपल्या सिस्टिममध्ये घड्याळ घेतलं ते १९९४ साली. तोवर मॅकिन्टॉश बाजारात येऊन दहा वर्षं झाली होती.

त्या दहा वर्षांत मॅकला वेळ कळत नव्हती असं अजिबात नाही. २४ जानेवारी १९८४ ला आलेल्या पहिल्या मॅकच्या पाठीमागे बॅटरीचा एक कप्पा होता. मशीन बंद असतानाही त्या बॅटरीवर आतलं घड्याळ चालत राही. वेळ पाहायची असेल तर डावीकडच्या सफरचंदाच्या मेनूतून ‘अलार्म क्लॉक’ नावाचा प्रोग्रॅम उघडायचा. लांबट, बारीकशी एक खिडकी येई आणि तिच्यात वेळ दिसे. अडचण होती ती या खिडकीचीच. पहिल्या मॅकचा पडदा नऊ इंचांचा, ५१२ बाय ३४२ पिक्सेलचा. तेवढ्याशा जागेत घड्याळ उघडं ठेवलं की लिहिलेल्या मजकुरावर येणार, आणि मजकुरावर क्लिक केलं की तेच मागे जाऊन दिसेनासं होणार. मायक्रोसॉफ्टनेही १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्ये घड्याळ दिलं होतं, पण तेही खिडकीतलंच.

वास्तविक योग्य जागा डोळ्यांसमोर होती. मॅकच्या पडद्यावर सगळ्यात वर वीस पिक्सेल उंचीची एक पांढरी पट्टी असे, तीच मेनूबार. प्रोग्रॅम कुठलाही असो, ही पट्टी कधी झाकली जात नसे. मेनूंची नावं डावीकडून सुरू होत आणि उजवीकडचा बराच भाग बहुतेक वेळा रिकामा राही. घड्याळ त्या रिकाम्या भागात ठेवायचं, ही कल्पना सांगायला सोपी आहे. करायला ती फार नाजूक होती, आणि सुपरक्लॉकचं खरं मोल मला तिथेच दिसतं.

मेनूबार ज्या त्या वेळी चालू असलेल्या प्रोग्रॅमची असे. एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात गेलं की सिस्टिम अख्खी पट्टी पुसून नव्याने काढी, आणि तिथे काही लिहून ठेवलं असेल तर तेही पुसलं जाई. म्हणजे पट्टी नव्याने निघाली की घड्याळालाही तिथे पुन्हा स्वतःला काढणं भाग होतं. शिवाय घड्याळावरचं क्लिक सिस्टिमने मेनूवरचं क्लिक समजू नये म्हणून ते आधी आपणच पकडायचं. त्या काळच्या मॅकमध्ये यासाठी एक वाट होती. सिस्टिमची बहुतेक सगळी कामं पत्त्यांच्या एका तक्त्यातून चालत. अमुक काम हवं असेल तर तक्त्यात पाहायचं आणि तिथे लिहिलेल्या पत्त्यावर जायचं. मशीन सुरू होताना एखादा छोटा प्रोग्रॅम या तक्त्यातला पत्ता बदलून तिथे स्वतःचा लिहू शके. मग ते काम मागितलं की आधी तो जागा होई, आपलं काम उरकी आणि मूळ पत्त्याकडे पाठवून देई.

या सोयीचा धोकाही तेवढाच मोठा होता. एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या मेमरीपासून दूर ठेवणारी कोणतीही भिंत त्या मॅकमध्ये नव्हती. अशा पाहुण्या प्रोग्रॅमने एक आकडा चुकीच्या जागी लिहिला तरी सगळं मशीन बंद पडे, पडद्यावर बॉम्बचं चित्र असलेली चौकट येई आणि साठवून न ठेवलेलं काम गेलंच म्हणायचं. असे पाच-दहा पाहुणे एकाच मशीनमध्ये असत आणि त्यातले दोन तरी एकाच पत्त्यावर हक्क सांगत. अशा गर्दीत वर्षानुवर्षं टिकून राहणारं, ज्यावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवत असं घड्याळ लिहिणं ही अव्वल दर्जाची कारागिरी होती. चार-दोन अंक तर दाखवायचे, त्यात काय अवघड, असं म्हणणाऱ्याने ही बाजू पाहिलेली नसते.

हे घड्याळ लोकांपर्यंत गेलं ते हातोहात. घरोघरी इंटरनेट येण्याआधीचा तो काळ. अमेरिकेत मॅक वापरणाऱ्यांची मंडळं होती. बर्कलीचं ‘बीमग’ हे त्यातलं गाजलेलं. ही मंडळं फुकट आणि स्वस्त प्रोग्रॅम फ्लॉपीवर भरून सभासदांना पुरवत. विद्यापीठांच्या नेटवर्कवर स्टॅनफर्डमधला ‘इन्फो-मॅक’ हा साठा होता, आणि मोडेम असलेले लोक टेलिफोनच्या तारेवरून अशा फायली उतरवून घेत. ८०० किलोबाइटच्या फ्लॉपीवर सुपरक्लॉकसारखे कितीतरी प्रोग्रॅम मावत. प्रोग्रॅम सिस्टिम फोल्डरमध्ये टाकायचा आणि मशीन पुन्हा सुरू करायचं, एवढंच काम असे.

सप्टेंबर १९९४ मध्ये आलेली सिस्टिम ७.५ पाहिली की या फुकट वाटणाऱ्या मंडळींचं ऋण किती मोठं होतं ते समजतं. खिडकी गुंडाळून फक्त तिची पट्टी ठेवणारी ‘विंडोशेड’ ही सोय मूळची रॉब जॉन्स्टन यांची. पडद्यावर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवणारं ‘स्टिकीज’ जेन्स आल्फके यांनी लिहिलं होतं. ते ॲपलमध्येच होते. सुरू होताना कोणते पाहुणे आत घ्यायचे हे ठरवणारा ‘एक्स्टेन्शन्स मॅनेजर’ रिकार्डो बतिस्ता यांचा. आणि ‘डेट अँड टाइम’ या कंट्रोल पॅनलमध्ये क्रिस्टेन्सन यांच्या सुपरक्लॉकवर आधारलेलं घड्याळ. ७.५ मध्ये रोजच्या वापराच्या ज्या गोष्टी लोकांना आवडल्या, त्यातल्या कितीतरी अशा एकेकट्या माणसांनी आधीच करून ठेवलेल्या होत्या. मोठी कंपनी मोठे प्रश्न सोडवत असते. बारीक गैरसोय ज्याला रोज टोचते, तोच ती दूर करतो.

सेकंद दाखवावेत का, हा वरवर साधा वाटणारा प्रश्नही इथे सांगायला हवा. मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ च्या सुरुवातीच्या चाचणी आवृत्त्यांत टास्कबारच्या घड्याळात सेकंद दाखवले होते, तास-मिनिटांमधला विसर्गासारखा ठिपका लुकलुकतही होता. पुढे दोन्ही काढून टाकलं. तेव्हा विंडोज चार मेगाबाइट मेमरीच्या मशीनवर चालवायची होती. दर सेकंदाला घड्याळ बदलायचं म्हणजे ते बदलणारा भाग सतत मेमरीत जागता ठेवायचा, आणि तेवढी जागा दुसऱ्या कामाला कमी पडायची. २०२३ मध्ये विंडोज ११ ने सेकंद दाखवण्याची सोय दिली, तेव्हाही त्या पर्यायापुढे ‘जास्त वीज लागते’ अशी सूचना लिहिली. मिनिटाला एकदा उठणारं घड्याळ आणि साठदा उठणारं घड्याळ यांत बॅटरीवर चालणाऱ्या मशीनला फरक पडतोच. म्हणून लॅपटॉपवर सेकंद बंद ठेवावेत, असं माझं मत आहे.

पडद्यावरचं घड्याळ मात्र मशीनला जी वेळ वाटते तीच दाखवतं. जुन्या मॅकमध्ये वेळ मोजली जाई ती १ जानेवारी १९०४ च्या मध्यरात्रीपासून उलटलेल्या सेकंदांत. १९०० हे लीप वर्ष नव्हतं. १९०४ पासून मोजलं की २१०० पर्यंत दर चौथं वर्ष लीप धरता येतं आणि हिशेब सोपा होतो. सेकंदांचा हा आकडा ३२ बिटांत ठेवलेला असल्याने तो ६ फेब्रुवारी २०४० च्या सकाळी ६ वाजून २८ मिनिटं १५ सेकंदांनी भरून संपेल. आतली बॅटरी मेली की तारीख थेट १९०४ वर, काही मॉडेल्समध्ये १९५६ वर जाऊन बसे, आणि त्या दिवशी साठवलेल्या फायलींवर तीच तारीख पडे. मेनूबारच्या घड्याळावर क्लिक केलं की तारीख दिसे, त्यामुळे हा घोटाळा लवकर पकडता येई.

मेनूबारमध्ये फुकट घड्याळ बसवण्याची परंपरा अजून चालू आहे. २०२० च्या ‘बिग सर’पासून मॅकच्या घड्याळावर क्लिक केलं की सूचनांचा रकाना उघडतो. तिथल्या तिथे महिन्याचं कॅलेंडर हवं असणाऱ्यांसाठी ‘इट्सीकॅल’ आहे: फुकट, आणि त्याचा कोडही कुणालाही वाचता येईल असा खुला. ॲपलचं घड्याळ काढून टाकता येत नाही, म्हणून इट्सीकॅल वापरणारे ते काट्यांचं करून ठेवतात. तेवढीच जागा वाचते. जागेचा तंटा तर पुन्हा उभा राहिला आहे. २०२१ च्या मॅकबुक प्रोपासून पडद्याच्या वरच्या कडेला कॅमेऱ्याची खाच आली आणि मेनूबार भरली की काही चिन्हं दिसेनाशी होतात.

‘क्लॉकर’ हा दुसरा असाच फुकट आणि खुला प्रोग्रॅम. ज्यांची मुलं-भावंडं परदेशात आहेत त्यांना तो आवर्जून सुचवावासा वाटतो. हव्या त्या गावांच्या वेळा त्यात एकाखाली एक दिसतात आणि एक पट्टी सरकवली की सगळ्या वेळा एकदम पुढे-मागे होतात. न्यू जर्सी हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. आपली घड्याळं वर्षभर हलत नाहीत, तिकडची मार्चमध्ये एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. २०२४ मध्ये हा रविवार ३ नोव्हेंबरला, नेमका भाऊबीजेला आला. ओवाळणीच्या व्हिडिओ कॉलची वेळ तोंडी हिशेबाने ठरवली असेल, तर त्या दिवशी तासाचा फरक पडायला पुरेसं कारण होतं.

जुन्या मॅकची सिस्टिम ७.५ आज इंटरनेटच्या ब्राउझरमध्येसुद्धा चालवून पाहता येते. ज्या लोकांनी फ्लॉपी जपल्या आणि त्यांच्या नकला वेळेवर काढून ठेवल्या, त्यांच्यामुळे हे शक्य झालं. मुंबई-पुण्यातल्या जाहिरात संस्थांत आणि छपाईच्या कामात नव्वदच्या दशकात मॅक वापरलेले पुष्कळजण आज निवृत्त झाले आहेत. त्यांच्या माळ्यावर, कपाटाच्या तळाशी अशा फ्लॉपी असतील तर त्या भंगारात देऊ नयेत. फ्लॉपीवरचा चुंबकी थर दिवसेंदिवस क्षीण होत जातो. यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह अजून विकत मिळतो, पण तो १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपी वाचतो. मॅकच्या ८०० किलोबाइटच्या फ्लॉपी त्याला वाचता येत नाहीत, त्यांच्यासाठी जुना मॅक असला तर उत्तम. तेव्हा असा चालू मॅक कुणाकडे असेल तर त्यांनी या दिवाळीच्या सुटीत एक दुपार काढून त्यांच्या नकला करून ठेवाव्यात.