जलतरण तलावाच्या प्लास्टरवरील डाग
जलतरण तलावाच्या प्लास्टरवरील डाग पांढरे सिमेंट व संगमरवराची भुकटी यांच्या सच्छिद्र गिलाव्यात मुरतात. त्यामुळे ते केवळ घासून जात नाहीत. उपायापूर्वी डाग सेंद्रिय आहे की धातुजन्य, हे ओळखणे आवश्यक असते. पालापाचोळा व शेवाळ यांचे डाग हिरवट किंवा तपकिरी असतात. लोहाचा डाग तांबूस-तपकिरी, तर तांब्याचा निळसर-हिरवा दिसतो. लोह बहुधा कूपनलिकेच्या पाण्यातून येते. तांबे मोरचूदयुक्त शेवाळनाशकातून किंवा झिजलेल्या नळांतून.

रंग फसवा असू शकतो, म्हणून चाचणी अधिक भरवशाची. क्लोरीनच्या भुकटीने फिकट होणारा डाग सेंद्रिय, तर क जीवनसत्त्वाची गोळी घासल्यावर फिकट होणारा धातुजन्य समजतात. दोन्ही पदार्थ एकाच जागी वापरू नयेत.

धातूच्या डागांसाठी तलावात ॲस्कॉर्बिक आम्ल (क जीवनसत्त्व) घालतात. क्लोरीन ते निष्प्रभ करतो, म्हणून त्याचे प्रमाण आधी कमी करावे लागते. डाग गेला तरी धातू पाण्यातच राहतो; त्याला बांधून ठेवणारे रसायन न घातल्यास क्लोरीन वाढताच डाग परततो व सारे श्रम वाया जातात.

तलाव रिकामा करून विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने धुणे हा अखेरचा मार्ग होय. त्यात डागासह प्लास्टरचा थरही झिजतो. विरल करताना आम्ल पाण्यात ओतावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये. क्लोरीनच्या भुकटीशी आम्लाचा संपर्क आल्यास विषारी वायू निर्माण होतो. भूजलपातळी उंच असताना, विशेषतः पावसाळ्यात, रिकामा तलाव खालच्या दाबाने उचलला जाऊन तडकू शकतो.