गाडीत अँड्रॉइड स्क्रीन बसवताय? आधी तिची वायरिंग समजून घ्या

आपल्यापैकी बऱ्याच घरांत पहिली चारचाकी सेकंड हँडच येते. गाडी दारात आली की घरातली तरुण पोरं आठवडाभरातच मागे लागतात, ‘अब्बा, जुना टेप काढू, मोठी स्क्रीन बसवू.’ मागणी चुकीची नाही. नकाशा, फोन, रिव्हर्स कॅमेरा, गाणी, तिलावत असं सगळं एकाच पडद्यावर मिळतं. पण हा पडदा म्हणजे नुसता टेप नव्हे, तो एक पूर्ण कम्प्युटर आहे आणि तो थेट गाडीच्या बॅटरीला जोडला जातो. ही गोष्ट आम्ही विसरलो आणि त्याची किंमत मोजली.

आमच्या घरी अशी स्क्रीन एका बाजारातल्या दुकानातून बसवून घेतली. काम तासाभरात झालं. दुकानदाराने जाताना एवढंच सांगितलं, ‘गाडीतून उतरताना हे बटण दाबून स्क्रीन बंद करायची.’ आम्हाला वाटलं, हे असंच असेल. एका शुक्रवारी संध्याकाळी गाडी लावली, शनिवारी कुठे जाणं झालं नाही. रविवारी पहाटे अम्मींना डायलिसिसला न्यायचं होतं. चावी फिरवली, तर नुसता ‘टक टक’ आवाज. बॅटरी पूर्ण उतरलेली. शेजारच्या चाचांना झोपेतून उठवलं, त्यांच्या रिक्षातून अम्मींना पोहोचवलं. त्यांना उशीर झाला, हाल झाले, पण वेळ निभावली.

नंतर ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने डॅशबोर्ड उघडला आणि दोनच वायरी दाखवल्या. सगळा घोळ तिथेच होता.

पिवळी आणि लाल

अशा जवळजवळ प्रत्येक स्क्रीनच्या मागे तीन मुख्य वायरी असतात. पिवळी वायर बॅटरीचा कायमचा करंट घेते. गाडी बंद असली तरी तिच्यात १२ व्होल्ट असतात. स्क्रीनची सेटिंग, घड्याळ, सेव्ह केलेली रेडिओ स्टेशनं लक्षात राहावीत म्हणून ती लागते. लाल वायर चावीशी जोडलेली असते. चावी फिरवली की तिच्यात करंट येतो, काढली की जातो. लाल वायरीतला करंट गेला की कम्प्युटरला कळतं, आता झोपायचं. काळी वायर म्हणजे अर्थिंग.

आमच्या गाडीत दुकानदाराने लाल आणि पिवळी एकत्र पिळून कायमच्या करंटला जोडल्या होत्या. चावीची लाईन शोधण्याची मेहनत वाचली. पण स्क्रीनच्या दृष्टीने गाडी चोवीस तास चालूच! बटण दाबल्यावर पडदा काळा व्हायचा, आतला कम्प्युटर मात्र जागाच राहायचा.

हिशोब सोपा आहे. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची असते. जागी असलेली स्क्रीन तासाला एक अँपिअर जरी खात असेल, तरी शुक्रवारच्या संध्याकाळपासून रविवारच्या पहाटेपर्यंत तीस-चौतीस तासांत बॅटरी रिकामी. बॅटरी जुनी असेल तर त्याच्याही कितीतरी आधी. सगळं नीट जोडलं असेल, तर बंद गाडी मिळून साधारण ५० मिलिअँपिअरच्या आतच करंट घेते. म्हणजे आमच्या गाडीत वीसपट जास्त करंट जात होता.

याच्या उलट चूकही होते. दोन्ही वायरी चावीच्या लाईनवर जोडल्या, तर बॅटरी उतरत नाही, पण गाडी बंद केली की सगळी सेटिंग पुसली जाते आणि दर वेळी स्क्रीन पहिल्यापासून सुरू होते. आपल्या गाडीत असं होत असेल, तर मशीन खराब नाही, जोडणी चुकली आहे.

वायर कापू देऊ नका

गाडीच्या मूळ टेपमागे कंपनीचा कप्लर असतो. तो कापून, वायरी पिळून, वर टेप गुंडाळणं हा सर्वात झटपट आणि सर्वात वाईट मार्ग आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड भट्टीसारखा तापतो. टेपचा गोंद वितळतो, टेप सुटते, पिळलेली वायर धक्क्यांनी ढिली होते. उघडी तार बॉडीला लागली की शॉर्ट सर्किट. गाड्यांना आग लागण्याची जी कारणं असतात, त्यांत अशी बाहेरून केलेली कच्ची वायरिंग हे एक महत्त्वाचं कारण आहे.

यावर उपाय महाग नाही. जवळजवळ प्रत्येक मॉडेलसाठी तयार कप्लर मिळतो. एका टोकाला गाडीचा मूळ कप्लर बसतो, दुसऱ्या टोकाला स्क्रीन. एकही वायर कापावी लागत नाही. नवीन गाडी असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण वायर कापलेली दिसली की इलेक्ट्रिकल भागांची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. गाडी विकताना मूळ टेप परत बसवायचा असेल, तरी कप्लरमुळे दहा मिनिटांचं काम होतं. म्हणून जुना टेप भंगारात देऊ नका, घरी ठेवा.

फ्यूजबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवा. स्क्रीनच्या पिवळ्या वायरीवर फ्यूज असलाच पाहिजे, साधारण १० किंवा १५ अँपिअरचा. तो वारंवार उडत असेल, तर काही जण जास्त अँपिअरचा फ्यूज टाकतात किंवा सरळ तार जोडून देतात. असं कधीही करू देऊ नका. फ्यूज उडतो म्हणजे तो आपलं काम करतोय. दोष दुसरीकडे आहे, तो शोधायला हवा.

आणि पिवळ्या रंगाचं आवरण किंवा पिवळा कप्लर असलेली जाड वायरींची जुडी दिसली, तर तिला हात लावायचा नाही. बहुतेक गाड्यांमध्ये ती एअरबॅगची असते. काचेशेजारच्या खांबातही काही गाड्यांत पडदा एअरबॅग असते. जीपीएसची किंवा डॅशकॅमची वायर तिथून न्यायची असेल, तर ती एअरबॅगच्या मागून गेली पाहिजे, पुढून नाही.

स्क्रीन निवडताना

जुन्या टेपची जागा दोन मापांत येते. बारीक जागेची उंची सुमारे ५० मिलिमीटर, मोठीची सुमारे १०० मिलिमीटर, रुंदी दोन्हींची साधारण १८० मिलिमीटर. नऊ-दहा इंची पडद्यासाठी गाडीच्या मॉडेलची वेगळी फ्रेम लागते. पडदा बसवल्यावर हॅझर्ड लाईटचं बटण किंवा एसीची जाळी झाकली जात असेल, तर ती स्क्रीन आपल्या गाडीसाठी नाही.

खोक्यावर लिहिलेल्या रॅम आणि स्टोरेजवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. स्वस्त मशीनमध्ये सेटिंगच्या पानावर आकडे वाढवून दाखवलेले असतात. दुकानातच तपासा. नकाशा सुरू करा, त्यासोबत ऑडिओ लावा, मग कुणाचा तरी फोन घ्या, आणि हे सगळं चालू असताना रिव्हर्स गिअर टाका. कॅमेऱ्याचं चित्र लगेच आलं पाहिजे. तीन-चार सेकंद थांबावं लागत असेल, तर तेवढ्या वेळात गाडी मागे गेलेली असते.

ज्यांना फक्त नकाशा आणि फोन हवा आहे, त्यांना जास्त रॅमची गरजही नाही. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले चालणारी साधी स्क्रीन घ्या. खरं काम आपला मोबाईलच करतो, पडदा फक्त दाखवतो. अपडेटची चिंताही मोबाईलची.

स्टिअरिंगवर बटणं असतील, तर ती नव्या स्क्रीनसोबत चालतील का हे आधी विचारा. बऱ्याच नव्या गाड्यांत त्यासाठी कॅनबस नावाचा छोटा डबा मध्ये बसवावा लागतो. पैसे देण्याआधी प्रत्येक बटण दाबून बघा.

कॅमेरा आहे म्हणून निर्धास्त होऊ नका

रिव्हर्स कॅमेरा मागच्या रिव्हर्स लाईटवरून करंट घेतो, आणि चित्राची वायर डिकीपासून डॅशबोर्डपर्यंत गालिच्याखालून येते. ती डिकीच्या दारात चेपली जाणार नाही, याची खात्री करा. आपल्या मोहल्ल्यात, चाळीत, ईदगाहच्या मैदानाबाहेर लहान मुलं गाडीभोवती खेळत असतात. कॅमेऱ्याला गाडीच्या अगदी बाजूचं दिसत नाही. पावसात लेन्सवर चिखल बसला की काहीच दिसत नाही. उतरून मागे एक नजर टाकणं आणि मुलांना कुणा मोठ्याच्या हाताशी ठेवणं, याला पर्याय नाही.

चालवताना पडदा नकोच

व्हिडिओसाठी बऱ्याच स्क्रीनना हँडब्रेकची एक वायर असते. हँडब्रेक ओढला असेल तरच व्हिडिओ चालावा, हा तिचा उद्देश. दुकानात ही वायर सरळ अर्थिंगला जोडून देतात आणि म्हणतात, ‘आता चालत्या गाडीतही पिक्चर बघा.’ ही सोय नाही, धोका आहे. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. दोन सेकंद नजर पडद्यावर गेली, तर ३३ मीटर आपण आंधळेपणाने चालवलेले असतात. ही वायर नीट हँडब्रेकलाच जोडून घ्या.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात, गाडी चालवताना हातात फोन धरणं हे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं. दंड १,००० रुपयांपासून ५,००० पर्यंत आहे. स्क्रीनचा खरा फायदा इथे आहे, फोन हातात घ्यावा लागत नाही. पण पत्ता टाकायचा तो गाडी सुरू करण्याआधी. शेजारी बसलेल्याने टाकला तर आणखी बरं.

ईदला मुंब्रा, पनवेल, मुंबईहून कोकणात गावी जाणारी कुटुंबं पुष्कळ आहेत. घाटात आणि खेड्यांत नेटवर्क जातं, आणि ऐन वळणावर नकाशा थांबतो. निघण्याआधी घरच्या वायफायवर त्या भागाचा ऑफलाईन नकाशा उतरवून ठेवा.

दोन शेवटच्या गोष्टी

स्क्रीनला फोन जोडला की आपल्या घरातल्या सगळ्यांचे नंबर त्यात उतरतात, घरचा पत्ता राहतो, ईमेलही राहतो. गाडी विकताना किंवा दुरुस्तीला स्क्रीन काढून देताना फॅक्टरी रीसेट करा. सेकंड हँड गाडी घेतली असेल, तर पहिल्या मालकाची माहितीही अशीच पुसून टाका.

दुसरं, बसवलेल्या वस्तूची पावती जपून ठेवा आणि विमा कंपनीला कळवा. कंपनीकडून न आलेल्या इलेक्ट्रिकल वस्तूंसाठी थोडा जादा हप्ता भरून वेगळं संरक्षण घेता येतं. न कळवलेल्या वस्तूचा दावा अडकतो.

आमच्या गाडीत इलेक्ट्रिशियनने तयार कप्लर लावला, लाल वायर चावीच्या लाईनवर घेतली, फ्यूज घातला. अर्ध्या तासाचं काम. मग मीटर लावून दाखवलं. सकाळी बंद गाडीत बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास, आणि इंजिन सुरू केल्यावर १४ च्या जवळ. साधा मीटर स्वस्तात मिळतो, घरात ठेवायला हरकत नाही. बंद गाडीचा आकडा १२ च्या खाली दिसला, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

दुकानात गेलात की एवढं विचारा: वायर कापणार की कप्लर लावणार? लाल वायर कुठे जोडणार? फ्यूज किती अँपिअरचा? या तीन प्रश्नांची नीट उत्तरं देणारा कारागीर दोनशे-तीनशे रुपये जास्त घेत असेल, तर द्या. पहाटे घरातल्या आजारी माणसाला घेऊन गाडीशेजारी उभं राहण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त आहे.