गोठ्यातले विज्ञान (भाग ९) : शुक्रजंतू पळतो, तरी गाभ का राहत नाही?

गेल्या आठवड्यात आपण वीर्यकांडीचा प्रवास पाहिला : वळूकडून प्रयोगशाळेत, तिथून उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये आणि शेवटी गोठ्यात. पाव मिलिलिटरच्या एका कांडीत आपल्याकडच्या मानकांप्रमाणे २ कोटी शुक्रजंतू असावे लागतात. कांडी वितळवल्यावर त्यांतले निदान निम्मे पुढे पळताना दिसले पाहिजेत. अशी चाचणीत उतरलेली कांडी वापरून गाय भरवली आणि साधारण २१ दिवसांनी ती पुन्हा माजावर आली, की ‘गाय उलटली’ म्हणून दोष तिच्या माथी जातो. माज चुकीच्या वेळी ओळखला, गर्भाशयात संसर्ग होता, खनिजे कमी पडली, अशी कारणे खरोखर असतात. पण वळूच्या बाजूलाही एक कारण असू शकते, आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. ते शुक्रजंतूच्या प्रथिनांत असते.

शुक्रजंतू ही शरीरातली एक विलक्षण पेशी आहे. इतर पेशी गरज पडेल तसे नवे प्रथिन बनवत राहतात. शुक्रजंतू पूर्ण तयार झाला, की त्याचे हे काम जवळजवळ थांबते. वळूच्या वृषणात तो घडायला सुमारे ६१ दिवस लागतात. पुढे अधिवृषणाच्या लांबलचक नळीत आठ-दहा दिवस तो परिपक्व होतो आणि तिथेही त्याच्या पृष्ठभागावर नवी प्रथिने चढतात. त्यानंतरचा सगळा प्रवास त्याला घरून बांधून मिळालेल्या शिदोरीवरच करावा लागतो. एखादे प्रथिन सुरुवातीलाच राहून गेले, तर वाटेत ते मिळण्याची फारशी सोय नाही.

या प्रथिनांतले पहिले काम बांधणीचे. आपल्या बहुतेक पेशींत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. शुक्रजंतू घडताना त्यांतल्या बहुतेक हिस्टोनांच्या जागी प्रोटामिन येतात आणि डीएनए अतिशय घट्ट आवळला जातो. त्यामुळेच इवल्याशा डोक्यात वळूचा अर्धा वारसा मावतो आणि वाटेत सुरक्षितही राहतो. ही बांधणी सैल राहिली तर डीएनए तुटण्याचा धोका वाढतो. असा शुक्रजंतू जोमाने पळू शकतो, स्त्रीबीजापर्यंत पोचूही शकतो. पण पुढे गर्भ टिकत नाही.

दुसरे काम वीर्यद्रवातल्या प्रथिनांचे. वळूच्या वीर्यद्रवात ‘बीएसपी’ या गटाची प्रथिने सर्वांत मुबलक असतात. वीर्य बाहेर पडताना ती शुक्रजंतूच्या आवरणाला चिकटतात. गायीच्या बीजनलिकेत शुक्रजंतूंना तात्पुरता थारा मिळवून देण्यात त्यांचा हात असतो. तिथे आवरणातले कोलेस्टेरॉल कमी करून ती शुक्रजंतूला फलनासाठी तयार करतात. पण हीच प्रथिने फार वेळ चिकटून राहिली, तर आवरणातली चरबी निघत राहते आणि ते कमकुवत होते. साठवणुकीतल्या वीर्याला हे घातक ठरते.

इथे कोंबडीच्या अंड्याचा संबंध येतो. वळूचे वीर्य टिकवण्यासाठी अंड्याचा बलक उपयोगी पडतो, हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात पॉल फिलिप्स आणि हेन्री लार्डी यांनी १९४० च्या सुमारास दाखवून दिले. पुढे जगभर वीर्यात बलक मिसळला जाऊ लागला, पण त्याचे रेणूपातळीवरचे कारण अनेक दशके नीट उलगडले नव्हते. २००२ मध्ये कॅनडातील माँट्रियल इथे पी. मंजुनाथ यांच्या गटाने दाखवले, की बलकातले कमी घनतेचे लिपोप्रोटीन बीएसपी प्रथिनांना स्वतःकडे बांधून घेते. जादा बीएसपी अशी अडकली, की शुक्रजंतूच्या आवरणाची झीज थांबते. रोजच्या वापरातल्या एका उपायामागचे प्रथिन असे साठेक वर्षांनी हाती लागले.

तिसरे काम शेवटच्या क्षणाचे, म्हणजे स्त्रीबीजाशी एकरूप होण्याचे. या टप्प्यावर काय बिघडू शकते, हे जर्मनी-ऑस्ट्रियातल्या फ्लेकफी जातीच्या वळूंनी फार स्पष्ट दाखवले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात संशोधकांनी ७,९६२ वळूंची जनुकीय माहिती घेतली आणि तिच्याशेजारी १ कोटी ५३ लाख कृत्रिम रेतनांच्या नोंदी मांडल्या. त्यांत ४० वळू वेगळे उठून दिसले. त्यांच्या वीर्याने ३५,६७१ रेतने झाली होती आणि यश मिळाले होते फक्त १.७ टक्के, म्हणजे सुमारे सहाशे गायी गाभण राहिल्या आणि पस्तीस हजारांच्या आसपास रेतने वाया गेली. वीर्यतपासणीत मात्र या वळूंत बोट ठेवावे असे काही सापडत नव्हते.

दोष निघाला १९ व्या गुणसूत्रावर, ‘टीएमईएम-९५’ या प्रथिनाच्या जनुकात. तिथे एकाच अक्षराचा बदल झाला होता. त्यामुळे प्रथिनाची साखळी १६१ व्या जागी अर्धवट तुटत होती. निरोगी वळूंच्या शुक्रजंतूंच्या पृष्ठभागावर हे प्रथिन आढळले. या वळूंच्या शुक्रजंतूंवर ते नव्हतेच. पुढे २०२० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत त्याचे काम स्पष्ट झाले. ते नसलेला शुक्रजंतू स्त्रीबीजाच्या बाहेरच्या कवचातून आत शिरतो, पण बीजाच्या पटलाशी त्याचे मीलन होत नाही.

या दोषाची घडण पैदासकारांनी नीट लक्षात ठेवावी अशी आहे. दोष अप्रभावी आहे : जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच वळू निकामी ठरतो. एकच प्रत बिघडलेला वळू चांगल्या गायी गाभण ठेवतो आणि दोष गुपचूप पुढच्या पिढीत जातो. कालवडींमध्ये तर तो प्रकटच होत नाही. जवळच्या नात्यात पैदास वाढली, की दोन बिघडलेल्या प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते. ज्या देशी जातींत वळू मोजकेच उरले आहेत, तिथे नात्यातली पैदास टाळण्याचे हे आणखी एक ठोस कारण आहे.

मग वीर्यातले एखादे प्रथिन मोजून वळूची पारख करता येईल का? प्रयत्न जुने आहेत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात गॅरी किलियन यांच्या गटाने १९९३ मध्ये होल्स्टीन वळूंच्या वीर्यद्रवात प्रजननक्षमतेशी जुळणारी चार प्रथिने नोंदवली : दोन चांगल्या वळूंत जास्त, दोन कमी क्षमतेच्या वळूंत जास्त. चांगल्या बाजूचे एक पुढे ऑस्टिओपाँटिन म्हणून ओळखले गेले. पण फलन हे अनेक प्रथिनांचे एकत्र काम आहे. त्यामुळे एका प्रथिनाच्या मापावर वळू पास किंवा नापास ठरवता येत नाही. टीएमईएम-९५ सारखा एकाच जनुकाचा लख्ख दोष हा अपवाद आहे, आणि तो पकडण्यासाठी जनुकीय चाचणी पुरते.

फ्लेकफीच्या शोधात मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या गावोगावी झालेल्या रेतनांच्या नोंदी. कोणत्या तारखेला, कोणत्या वळूच्या वीर्याने गाय भरवली आणि गाभ राहिला का, एवढीच माहिती. पण ती सातत्याने लिहिली गेली, म्हणून ४० वळू उघडे पडले. आपल्याकडे जनावरांच्या कानात बारा अंकी बिल्ला आला आहे, ‘भारत पशुधन’वर रेतनाची नोंद होते आणि प्रत्येक कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. रेतन झाल्यावर कांडी टाकून देण्याआधी तो क्रमांक गायीच्या तारखेशेजारी वहीत उतरवा. दोन-अडीच महिन्यांनी गाभण तपासणी करून घ्या आणि निकाल, विशेषतः गाय रिकामी निघाल्याचा निकाल, नोंदवायचा आग्रह धरा. एका गोठ्यातल्या चार नोंदींनी काही सिद्ध होत नाही. तालुक्या-जिल्ह्यांच्या नोंदी एकत्र आल्या, की वळूंमधला फरक दिसू लागतो.

वळू निवडताना आपण त्याच्या आईचे दूध विचारतो, आणि ते विचारायलाच हवे. त्याच्याबरोबर त्याच्या कांड्यांनी शेकडा किती गायी गाभण राहिल्या, हेही विचारण्याची सवय लागली पाहिजे. एक माज चुकला, की तीन आठवड्यांचा चारा, खुराक आणि पुढचे दूध यांचा भुर्दंड शेतकऱ्यालाच बसतो. त्यामुळे हा आकडा मागण्याचा हक्कही त्याचाच आहे.

(पुढील भागात : शुक्रजंतू घडायला दोन महिने लागतात, मग एप्रिल-मेच्या उन्हाचा वळूवर झालेला परिणाम नेमका केव्हा दिसतो?)